लांब हो, आखूड हो

वाफसा आणि पाठ एकाच आठवड्यात आले, तिथंच सगळा घोळ झाला.

वाफसा काय असतो ते शेतात राबणाऱ्याला सांगायला नको. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी एवढंच, की पाऊस उघडल्यावर जमीन धड ओलीही नसते आणि धड कोरडीही नसते, मुठीत दाबली तर गोळा होते आणि बोट लावलं की भुरभुरते, असे पाच-सहा दिवस असतात. तेवढ्यात पेरलं तर पेरलं. नंतर जमीन टणक होते आणि वरवर पडलेलं बी पाखरं वेचून खातात. आणि पाठ म्हणजे, मास्तरकीच्या कॉलेजातल्या पोरींनी खऱ्याखुऱ्या शाळेत जाऊन खऱ्याखुऱ्या पोरांना शिकवून दाखवायचं. मागच्या बाकावर कॉलेजच्या बाई वही उघडून बसणार आणि शेवटी शेरा देणार.

या घरातली लेक त्या कॉलेजात जायला लागल्यापासून घरात तिला सगळे मास्तरीणच म्हणायचे. आत्या तर भांडी घासायला हाक मारतानाही "मास्तरीणबाई, वर्ग सोडा आणि राखेला हात लावा" म्हणायची. पण मास्तरीण अजून खरी मास्तरीण झाली नव्हती. दोन पाठ व्हायचे होते. एक सोमवारी, एक शुक्रवारी. दोन्हींवर "पुन्हा" असा शेरा पडला, तर सगळं वर्षच पुन्हा.

आता एरवी आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, वर्षाचं काही मनावर घेतलं नसतं. पण बारा दिवसांपूर्वी उतारावरून गाडी आणताना ते घसरले आणि उजवा खांदा निखळला. हाडवैद्यानं खांदा बसवला, हात गळ्यात बांधला आणि महिनाभर हलवायचा नाही म्हणून दम भरला. त्यातच जोडीतला एक बैल थकला म्हणून यंदा नवा घेतलेला. तो देखणा, पांढराशुभ्र, पण औताला जुंपला की मान खाली घालून लाजल्यासारखा एका बाजूला सरकायचा. आत्यानं त्याचं नाव नवरदेव ठेवलं होतं. दुसरा तो थोरला, त्याला सगळं येत होतं आणि त्याला नवरदेवाचा मनस्वी राग यायचा.

रविवारी संध्याकाळी जेवताना आबांनी विषय काढला.

"उद्यापासून तिफण काढायची. मी डाव्या हातानं मागून धरीन. बी सोडायला तुझी आई. पण नवरदेवाच्या तोंडापुढं कुणीतरी चालायला पाहिजे. नाहीतर तो सरळ तासात चालणार नाही."

"गडी बघा ना कुणी," आई म्हणाली.

"या आठवड्यात गडी? ज्याला हातपाय आहेत तो आपापल्या रानात आहे."

"मी आले असते," आत्या म्हणाली, "पण माझा गुडघा बघून बैलच मला म्हणेल, तुम्ही बसा, मी चालतो."

सगळ्यांनी मास्तरणीकडं बघितलं. मास्तरणीनं हातातला घास परत ताटात ठेवला.

"उजाडल्यापासून नऊपर्यंत," आबा म्हणाले. "नऊला तुला सोडतो. साडेदहाची शाळा ना तुझी?" मग थोडं थांबून, ताटाकडं बघत म्हणाले, "हे वर्ष कसंही निभावू गं. पण पुन्हा एक वर्ष तू कॉलेजात आणि रानात मी एका हाताचा, हे निभायचं नाही. या खेपेला सुट म्हणजे झालं."

ते रागानं म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते अगदी हळू म्हणाले.

सोमवारी फटफटायच्या आधीच ती नवरदेवाची वेसण धरून रानात उभी होती. पायाखालची माती गार आणि मऊ होती, बोटांच्या फटींतून वर येत होती. मागं तिफण, म्हणजे तीन दातांचं पेरणीचं औत, त्या तिफणीच्या डोक्यावर चाडं, म्हणजे बी टाकायची लाकडी वाटी. आईची मूठ चाड्यावर, आणि आबा डाव्या हातानं दांडी दाबून. आबांनी तोंडानं टकटक केलं आणि सगळं लटांबर निघालं.

पंचवीस पावलं झाली असतील. तिफणीच्या दातात गवताचं मूळ अडकलं. आबा मागून ओरडले, "होऽऽऽ!"

थोरला जागच्या जागी थांबला. नवरदेवही थांबला. मास्तरीण तेवढी चालत राहिली. वेसण ताणली, नवरदेवानं झटक्यासरशी पुढं येऊन नेमका तिच्या टाचेवर खूर ठेवला, आणि तिफण तिरकी होऊन मूठभर बी एकाच जागी सांडलं.

"आई गंऽऽ!"

"अगं, होऽ म्हटलं की थांबायचं!" आबा कळवळून म्हणाले. टाचेसाठी कळवळले की बियासाठी, कुणास ठाऊक. "बैलाला कळतं, तुला कळत नाही?"

"मी मनात पाठ म्हणत होते."

"रानात रानाचा पाठ. पाय उचललेला असला तरी तिथंच थांबव. माझा हो कानात शिरला की पाय हवेत राहिला पाहिजे."

आईनं पदराची पट्टी फाडून टाचेला बांधली. नऊपर्यंत होऽऽ असा पुकारा ऐंशी वेळा तरी झाला असेल. शेवटी शेवटी तिचं डोकं काही ऐकतच नव्हतं, पायच ऐकत होते. होऽऽ आला की पाय हवेत. टकटक आली की पाय खाली. नवरदेवापेक्षा ती लवकर तयार झाली, असं आबा आईला म्हणाले, आणि ते तिला पुढं ऐकू आलं.

नऊला ती पळाली. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि पुढं ओटा. झाडू आणि फुटक्या बाकांच्या अडगळीत तिनं कपडे बदलले, हौदावर पाय धुतले, केस सारखे केले. चौथीच्या वर्गात गेली तर एकतीस डोकी आणि मागच्या बाकावर लालशाई बाई.

लालशाई हे कॉलेजातल्या पोरींनी पाडलेलं नाव. बाई उंच, शिडशिडीत, बोलायला वाईट नाहीत, पण लाल शाईचं पेन त्यांच्या बोटांना जन्मापासून चिकटलेलं असावं. त्यांच्या शेजारी शाळेचे गुरुजी, हातात हात गुंफून, जणू त्यांचाच पाठ आहे.

मास्तरणीची पाचावर धारण बसली. तिनं टेबलावर पुठ्ठ्याची वर्तुळं मांडली. ती आत्यानं कात्रीनं कापून दिली होती, म्हणून सगळीच थोडी लंबुळकी होती.

"मुलांनो, आज आपण अर्धा आणि पाव शिकणार आहोत. पाव म्हणजे काय, कोण सांगेल?"

एकतीस हात वर. पुढच्या बाकावरची एक मुलगी तर उभीच राहिली. तिचे वरचे दोन्ही दात पडले होते, आणि वर्गात तिला खिडकी म्हणायचे.

"खायचा, बाई!" खिडकी म्हणाली.

"आमच्या घरी काल होता!" मागून कुणीतरी म्हणालं.

वर्ग खदखदला. मास्तरणीच्या केसांतून नेमकं त्याच वेळी एक बी निसटलं आणि टेबलावर टप्पकन पडलं. खिडकीनं ते उचलून परत दिलं.

कसंबसं तिनं पाठ रुळावर आणला. वर्तुळाचे दोन भाग, चार भाग, आठ भाग. कॉलेजात शिकवलं होतं की प्रत्येक मुद्द्यानंतर मुलांना विचारायचं. तिनं खडू उचलला, फळ्याकडं एक पाऊल टाकलं आणि विचारलं, "समजलं का?"

"होऽऽऽऽ!" एकतीस पोरं एका सुरात म्हणाली.

आणि मास्तरीण थांबली.

म्हणजे, ती नाही थांबली, तिचे पाय थांबले. उजवा पाय हवेत, हात फळ्याच्या दिशेनं, तोंड उघडं. क्षणभर तिला स्वतःलाही कळेना की आपण अशा का उभ्या आहोत. मग भानावर येऊन तिनं पाय खाली ठेवला, तर टाचेतून कळ आली आणि तोंडातून "स्स" निघालं.

पुन्हा काही वेळानं, "समजलं का?"

"होऽऽऽऽ!"

पुन्हा पाय हवेत.

तिसऱ्या खेपेला खिडकीनं शेजारणीला कोपर मारलं. पोरांना अशा गोष्टी किती लवकर कळतात ते पोरांनाच ठाऊक. त्यानंतर कुणी काही विचारायच्या आधीच वर्ग होऽऽ म्हणू लागला. मास्तरीण फळ्याकडं निघाली की होऽऽ, टेबलाकडं वळली की होऽऽ. एकदा तर वर्तुळ उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. गुरुजींनी डोळे वटारले, पोरांनी तोंडावर हात धरले, पण हसू बोटांतून गळतच होतं.

पाठ संपल्यावर लालशाई बाई उठल्या. त्यांनी वर्गाला एकच प्रश्न विचारला.

"चौथा हिस्सा मोठा की आठवा हिस्सा?"

"आठवा!" सगळा वर्ग छातीठोकपणे ओरडला. आठ चारापेक्षा मोठे, एवढं तर त्यांना पहिलीपासून येत होतं.

लालशाई बाईंनी वहीत लिहिलं. ती वही मास्तरणीनं अडगळीत जाऊन उघडली. लाल अक्षरांत दोन ओळी होत्या. "मुले हो म्हणतात, पण त्यांना समजलेले नाही. शिक्षिका वारंवार मध्येच थांबते, कारण कळले नाही. पुन्हा." तिथं झाडूंच्या मधे बसून ती रडली, आणि मग नाक पुसून दुपारच्या वर्गाच्या वह्या तपासायला गेली, कारण ते कामही तिचंच होतं.

संध्याकाळी घरी तिनं सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण आत्यानं विचारलं आणि आत्यापासून या घरात काही लपत नाही. वाकलेल्या अवस्थेत थांबल्याचं ऐकल्यावर आत्याची हसता हसता पुरेवाट झाली. ती भिंतीला धरून खाली बसली.

"म्हणजे आमच्या मास्तरणीला एकतीस पोरांनी औताला जुंपली!"

"हसू नका ना आत्या! 'पुन्हा' मिळालंय मला. शुक्रवारी परत तेच झालं तर संपलं."

"हसत नाहीय गं, गुडघा दुखतोय म्हणून तोंड असं झालंय."

आईनं डोळे पुसले. आईलाही हसू आलं होतं, पण ती आई होती. आबा मात्र गळ्यातला हात दुसऱ्या हातानं सावरत गोठ्याकडं निघून गेले. मास्तरणीला वाटलं, झालं, आबांनी आपल्या नावावर काट मारली.

मंगळवारी सकाळी चौथं तास, म्हणजे पेरणीची चौथी ओळ, संपवून बैल वळवताना आबा एकदम म्हणाले, "पोरांनी बरोबर केलं."

"काय बरोबर केलं?"

"होऽऽ म्हणाली ना ती? म्हणजे थांब म्हणाली."

"आबा, तो हो निराळा. शाळेत हो म्हणजे समजलं."

"असं तुला कुणी सांगितलं?"

कॉलेजात सांगितलं होतं, पण आबांपुढं ते म्हणवेना.

आबांनी तिफण टेकवली आणि घाम पुसला. "हे बघ. तुझी आई मला विचारते, जेवायला वाढू का? मी म्हणतो, हो. आखूड. आणि मला काही सांगत बसली, माझं लक्ष नसलं, की मी म्हणतो, होऽऽऽ. म्हणजे काय?"

"म्हणजे आता पुरे कर," चाड्यावरून आई म्हणाली. "मला माहीत आहे तो होऽऽ. पंचवीस वर्षं ऐकतेय."

"तेच सांगतोय. कळलेला माणूस हो म्हणतो तो आखूड असतो, टुणकन येतो. लांबलेला हो म्हणजे थांब. बैलाला असो की पोराला. तुझे पाय शहाणे निघाले, तेवढे थांबले. तुझं तोंडच चालत राहिलं."

मास्तरीण वेसण धरून तशीच उभी राहिली. नवरदेवानं तिच्या खांद्याला लाळ पुसली, तरी तिला कळलं नाही.

त्या दिवसापासून तिचे कान उघडले म्हणा ना. मंगळवार, बुधवार, गुरुवार ती वर्गाच्या कोपऱ्यात बसून गुरुजींचं शिकवणं ऐकायची. गुरुजी विचारायचे, समजलं का, आणि वर्ग म्हणायचा होऽऽऽ, आणि गुरुजी पुढं जायचे. ती एका कागदावर रेघा मारत बसली. तीन दिवसांत लांब हो त्र्याहत्तर. आखूड हो सहा. त्यातले चार "बाहेर जाऊ का" या प्रश्नावर गुरुजींनीच म्हटलेले.

सकाळी रानात मात्र काम मनासारखं चाललं होतं. आभाळ निवळ होतं, वारा बेताचा. नवरदेव रोज थोडा कमी लाजायचा. ती त्याच्याशी बोलत चालायची. "अर्धा म्हणजे दोन पाव, कळलं का रे?" नवरदेव कान हलवायचा. मागून आबा होऽऽ म्हणाले की दोघं एकदम थांबायची. टाच सुजली होती, बोटांना वेसणीचे वळ पडले होते, आणि तरी सकाळच्या त्या दोन-तीन तासांत तिला बरं वाटायचं, कारण तिथं थांबायचं कधी आणि चालायचं कधी हे स्पष्ट होतं.

संध्याकाळी आत्या विद्यार्थिनी होऊन पाटावर बसायची. "समजलं का?" विचारलं की आत्या मुद्दाम गळा काढून होऽऽऽ म्हणायची आणि वर म्हणायची, "बाई, मला लघवीला जायचंय." तिच्यावर शिकवण्याची तालीम झाली नाही, पण भीती थोडी गेली हे खरं.

शुक्रवारी शेवटचा पट्टा राहिला होता. वाफसा सरत आला होता, वरची माती फिकी दिसायला लागली होती. दोन तासं झाल्यावर आबा म्हणाले, "सोड वेसण."

"काय?"

"सोड. बाजूला हो."

तिनं वेसण सोडली आणि बांधावर सरली. आबांनी टकटक केलं. नवरदेवानं एकदा तिच्याकडं वळून बघितलं, मग मान खाली घातली आणि थोरल्याच्या बरोबरीनं सरळ चालत गेला. तास असं सरळ पडलं, की दोरी धरली तरी तसं पडणार नाही. पलीकडच्या टोकाला आबा ओरडले, "होऽऽ!" आणि इकडे बांधावर मास्तरणीचा पाय हवेत राहिला. आई चाड्यावर वाकून हसत सुटली.

"जा आता!" आबा लांबूनच म्हणाले. "आठच वाजलेत. नीट भांग पाडून जा!"

त्या दिवशी तिला कपडे बदलायला वेळ मिळाला, पण टाचेची पट्टी मातीनं माखलेलीच राहिली.

वर्गात लालशाई बाई तशाच मागच्या बाकावर. गुरुजी तसेच. पोरांचे डोळे चमकत होते. सोमवारची गंमत कुणी विसरलं नव्हतं. तिनं पुठ्ठ्याचं वर्तुळ उचललं, चार भाग दाखवले, आठ भाग दाखवले आणि विचारलं, "समजलं का?"

"होऽऽऽऽ!"

मास्तरणीनं पाय उचलला आणि हवेत धरला. या खेपेला मुद्दाम.

वर्ग खिदळला. पण ती हललीच नाही. हसू ओसरलं, तरी ती एका पायावर उभी.

"तुम्ही थांब म्हणालात," ती म्हणाली, "मी थांबले. आमच्या रानात माझे वडील होऽऽ म्हणतात तेव्हा तिफणीत काहीतरी अडकलेलं असतं. ते काढल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. आता सांगा, कुठं अडलं?"

एकतीस तोंडं एकदम बंद. मागून पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला, आणि मग कागदावर खरखर. सगळं वर्ष, आबांचा गळ्यात बांधलेला हात, अडगळीतलं रडणं, सगळं त्या एका पायावर उभं होतं, आणि तो नेमका टाच दुखरी असलेला पाय. तोल सावरायला तिनं टेबलाची कड धरली. पाय खाली ठेवावा आणि पुढचा मुद्दा घ्यावा, सोमवारसारखा, असं शंभरदा मनात आलं.

"बाई, पाय खाली ठेवा ना," खिडकी काकुळतीला येऊन म्हणाली.

"ठेवते. आधी सांग, कुठं अडलं?"

खिडकीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. गुरुजींकडं तर बघितलंच नाही. मग पुटपुटली, "नाही समजलं."

"काय म्हणालीस?"

"नाही समजलं, बाई! आठ मोठे ना चारापेक्षा? मग आठवा हिस्सा लहान कसा?"

मास्तरणीला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की तिनं पाय खाली ठेवला आणि टाळीच वाजवली. "शाब्बास! कुणाकुणाला नाही समजलं?" आधी एक हात, मग पाच, मग सगळेच. एवढी न समजलेली पोरं बघून आनंदानं नाचायचीच राहिलेली बाई लालशाई बाईंनी आपल्या नोकरीत पहिल्यांदाच पाहिली असावी. त्यांचं पेन थांबलं.

वर्तुळं तिनं बाजूला ठेवली. बाकं सरकवायला लावली आणि खडूनं फरशीवर लांबच लांब पट्टा आखला. "हे आमचं रान. एवढंच आहे, वाढणार नाही. पेरायला चार जण या. सारखं वाटून घ्या आणि आपापल्या वाट्यात उभे राहा."

चार जण आले. ऐसपैस उभे राहिले. एकानं तर कमरेवर हात ठेवून पेरल्याचं नाटक केलं.

"आता आणखी चार या. रान तेवढंच."

झाली ढकलाढकली. कोपरं कोपरांना लागली, पावलं पावलांवर पडली. खिडकी मधेच चेपली गेली आणि ओरडली, "बाई, यांना सरकायला सांगा ना! माझ्या वाट्याला जागाच नाही!"

"मघाशी तर होती!"

"मघाशी चार होतो! आता आठ झालोय, मग वाटा…" आणि ती थांबली. तिचं तोंड उघडं राहिलं, खिडकी सताड उघडी. "आऽऽ… बाई! आठ झाले की वाटा लहान होतो!"

"समजलं का?"

"हो!"

आखूड. टुणकन. आणि मग बाकीच्यांचेही आले, एका सुरात नाहीत, सांडल्यासारखे, एक इकडून, दोन तिकडून. हो. हो. हो. मास्तरीण चालतच राहिली, तिचे पाय कुठंही अडले नाहीत.

मग लालशाई बाई उठल्या. तोच प्रश्न. "चौथा हिस्सा मोठा की आठवा?"

"चौथा!" आणि खिडकीनं वर जोडलं, "आठव्यात पायसुद्धा मावत नाही, मॅडम."

लालशाई बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्या पुढं आल्या. आता शिकवणाऱ्या माणसाला फळा दिसला की राहवत नाही, त्याला त्या तरी काय करणार. "छान. तेव्हा लक्षात ठेवा, अंश कायम असताना छेद जसजसा वाढत जातो तसतसं अपूर्णांकाचं मूल्य घटत जातं. समजलं का?"

"होऽऽऽऽ!" वर्ग म्हणाला.

"छान," बाई म्हणाल्या आणि जागेवर जायला वळल्या.

"मॅडम, थांबा!" खिडकी ओरडली. "लांब हो म्हटलंय आम्ही!"

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तरणीनं डोळेच मिटले. लालशाई बाईंचा एक पाय फरशीवरच्या रानात होता, दुसरा उचललेला. तो पाय तसाच राहिला.

मग त्या वर्गाकडं वळून म्हणाल्या, "बरं. कुठं अडलं?"

"छेद म्हणजे काय?"

लालशाई बाईंनी खिडकीकडं बघितलं, मग मास्तरणीकडं, मग तिच्या मातकट पट्टीकडं. आणि हसल्या. चांगल्या खळखळून हसल्या. गुरुजींनी घाबरून हात सोडवले. "एकवीस वर्षं मी हा होऽऽ ऐकत आले," त्या म्हणाल्या, "आणि वळून निघून जात आले." मग त्यांनी खडू मास्तरणीच्या हातात दिला आणि बाकावर जाऊन बसल्या. छेद म्हणजे काय ते मास्तरणीनं सांगितलं. रान किती जणांत वाटलं, तो छेद.

दाराशी तिनं धीर करून विचारलं, "सुटले का मी या खेपेला?" बाईंनी उत्तर दिलं आणि वही हातात ठेवली. वही उघडून बघायला ती थांबलीच नाही. लंगडत, पळत, पुन्हा लंगडत रानात आली.

सगळा पट्टा पेरून झाला होता. बांधाच्या कडेचं एकच तास तेवढं कोरं होतं, आणि त्याच्या तोंडाशी बैल जुंपलेले उभे होते. आत्यासुद्धा गुडघा चोळत बांधावर येऊन बसली होती. ते तास तिच्यासाठी ठेवलेलं होतं.

"काय म्हणाल्या मग बाई?" आबांनी विचारलं. आवाज सहज ठेवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला.

"हो म्हणाल्या."

आबांचा डावा हात तिफणीच्या दांडीवर घट्ट झाला. "लांब की आखूड?"

मास्तरीण धुतलेल्या कपड्यांनिशी मातीत उतरली. नवरदेवाला आता तिची गरज नव्हती, तरी तिनं त्याची वेसण धरली.

"आखूड, आबा," ती म्हणाली. "एवढासा!"

आबांनी तोंडानं टकटक केलं, आणि सगळी चालायला लागली.